तळ्याविना बदक

खामगावात बदक पाळायचे म्हटले की घरातल्या वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: त्याला तळे कुठून आणणार? प्रश्न रास्त आहे. हा काळ्या मातीचा आणि कापसाचा मुलूख. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, विहिरी तळ गाठतात, नळाला काही दिवसांआड पाणी येते. आसामात आणि बंगालमध्ये घराशेजारी डबके असते, केरळातल्या कुट्टनाडमध्ये कापणी झालेल्या भातखाचरांतून बदकांचे मोठाले कळप चरत फिरतात. तिथल्या माणसाला बदकासाठी पाण्याची वेगळी सोय करावी लागत नाही. आपल्याला करावी लागते.

मात्र ती सोय तळ्याएवढी मोठी नसते. पाळीव बदकाला पोहायला मिळाले तर ते खूश होते, पण पोहल्यावाचून त्याचे अडत नाही. त्याचे अडते ते चोच, नाकपुड्या आणि डोळे बुडतील इतके खोल, स्वच्छ पाणी रोज न मिळाल्यास. त्याखेरीज त्याला त्याच्या जातीला मानवणारा दाणा हवा, डोक्यावर सावली हवी आणि शेजारी दुसरे बदक हवे. नवख्या घरात बदक दगावते ते बहुधा या चारांपैकी एखादी गोष्ट चुकल्यामुळे. त्यातही दाण्याच्या बाबतीत सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून या प्रकरणात दाण्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

आणण्यापूर्वी ठरवायच्या गोष्टी

बदक एकटे पाळू नये. ते कळपाने जगणारे पाखरू आहे. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या काही तासांत जे हलताना दिसेल त्याच्या मागे पिल्लू चालू लागते. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लॉरेन्झ यांनी १९३५ मध्ये या ओढीचे शास्त्रीय वर्णन केले. माणसाच्या मागे फिरणारे एकटे पिल्लू पाहायला गोड वाटते, पण घरची माणसे शाळेत आणि कामावर गेली की तेच पिल्लू दिवसभर ओरडत राहते. म्हणून सुरुवात दोन माद्यांनी करावी. एक नर आणि एक मादी अशी जोडी आणण्याचा मोह टाळावा. नर मादीवर वारंवार चढतो, तिच्या मानेची पिसे उपटली जातात, पाठीला जखमा होतात. नर हवाच असेल तर एका नरामागे पाच-सहा माद्या असाव्यात.

नर-मादी ओळखणे मोठेपणी सोपे आहे. नराच्या शेपटीवर एक-दोन पिसे वर वळलेली असतात आणि त्याचा आवाज घोगरा, दबका असतो. मोठ्याने ‘क्वॅक क्वॅक’ करते ती मादी. दाट वस्तीत राहत असाल तर हे शेजाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

जातींपैकी नवख्यांनी खाकी कॅम्पबेलचा विचार आधी करावा. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात ॲडेल कॅम्पबेल या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जात तयार केली. वजन दोन किलोच्या आसपास, अंग हलके, आणि चांगली निगा राखल्यास वर्षाला ३०० पर्यंत अंडी. पांढरे पेकिन दिसायला देखणे आणि स्वभावाने शांत असते, पण ते तीन-चार किलोंपर्यंत भरते आणि जड अंगाला आपला उन्हाळा अधिक बाधतो. मस्कोव्ही मूळचे दक्षिण व मध्य अमेरिकेतले. ते फारसे ओरडत नाही, नुसते फुसफुसते, आणि उष्णता बऱ्यापैकी सोसते.

बदक नीट सांभाळले तर आठ-दहा वर्षे जगते. आज पिल्लासाठी हट्ट धरणारी चौथीतली मुलगी तोवर कॉलेजात गेलेली असेल. हा हिशेब पिल्लू घरात येण्याआधी मांडावा.

पहिले सहा आठवडे

आईविना वाढणाऱ्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात सुमारे ३२ अंशांची ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करत जावे. डिसेंबरच्या रात्री यासाठी खोक्यावर बल्ब टांगावाच लागतो. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र तोच बल्ब पिल्लांच्या जिवावर उठू शकतो, कारण खोलीतच त्याहून जास्त उष्मा असतो. थर्मामीटर नसला तरी पिल्लांकडे पाहून कळते. दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली तर त्यांना थंडी वाजते आहे, दिव्यापासून लांब जाऊन चोच उघडून धापा टाकत असली तर उकडते आहे. निवांत पसरून झोपली असली तर ऊब बरोबर आहे.

खोक्यात वर्तमानपत्र अंथरू नये. गुळगुळीत कागदावर पाय घसरतात आणि कोवळे पाय दोन बाजूंना फाकतात ते कायमचे. भाताचे तूस, लाकडाचा जाडसर भुसा किंवा गोणपाट चांगले. बदकाची पिल्ले पाण्यात खेळतात, त्यामुळे अंथरूण तासाभरात ओले होते. वरचा ओला थर रोज काढावा.

पिल्लू पाण्याचे म्हणून त्याला पहिल्याच दिवशी टबात सोडण्याचा उत्साह अनेकांना असतो. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. त्या तेलाने आणि चोचीने विंचरून पिसे जलरोधक राहतात. पिल्लाची ही सोय अजून तयार झालेली नसते. आईजवळ वाढणाऱ्या पिल्लाला तिच्या पिसांचे तेल लागते, यंत्रात उबवलेल्याला तेही नाही. असे पिल्लू पाण्यात भिजते, गारठते आणि बुडतेसुद्धा. तेव्हा चार-पाच आठवड्यांपर्यंत पोहणे नको. पिण्याच्या पसरट भांड्यात गोटे टाकून ठेवावेत, म्हणजे चोच बुडेल पण पिल्लू आत पडून अडकणार नाही.

दाणा: कोंबडीचा आणि बदकाचा

खामगाव-अकोल्याच्या दुकानांत बदकांसाठी वेगळे खाद्य सहज मिळत नाही. मिळते ते कोंबड्यांचे. ते चालते, पण त्यात एक कमतरता असते आणि ती भरून काढावीच लागते.

ती कमतरता नायसिनची, म्हणजे ‘ब’ गटातल्या एका जीवनसत्त्वाची. वाढत्या बदकाला किलोभर खाद्यात सुमारे ५५ मिलिग्रॅम नायसिन लागते. कोंबडीच्या पिल्लाचे ३५ मिलिग्रॅमच्या आसपास भागते. कोंबडी आपल्या शरीरात एका अमिनो आम्लापासून थोडे नायसिन तयार करून घेते. बदकाला ते तितकेसे जमत नाही. कमतरता झाली की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पिल्लू लंगडू लागते, घोट्याचे सांधे सुजतात, पाय कमानीसारखे वाकतात, आणि चालण्याऐवजी ते बसून सरकते. घरातल्यांना वाटते पायावर काही पडले. वेळीच लक्षात आले तर सुधारते, उशीर झाला तर पाय वाकडे राहतात.

घरोघरी बदकाला मका भरडून घातला जातो, आणि नेमक्या मक्यातच नायसिन अशा रूपात बांधलेले असते की ते पचनात सुटत नाही. केवळ मक्यावर जगणाऱ्या माणसांना याच कारणाने पेलाग्रा हा रोग होत असे. दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या भागातही तो आढळला. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतील सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला होता. तेव्हा नुसता मका किंवा नुसती ज्वारी हे बदकाचे जेवण होऊ शकत नाही.

उपाय साधा आहे. कोंबडीच्या पिल्लांसाठीचे २० ते २२ टक्के प्रथिनांचे खाद्य पहिले तीन आठवडे द्यावे. ते घेताना त्यात रक्ती हगवणीवरचे औषध मिसळलेले नाही ना, हे पिशवीवर वाचावे, कारण ते औषध कोंबडीच्या हिशेबाने घातलेले असते. त्यात ब्रूअर्स यीस्टची पूड मिसळावी. कपभर खाद्याला चमचाभर पुरते. सोबत उकडून कुस्करलेले वाटाणे आणि थोडी धुऊन मीठ काढलेली सुकट द्यावी. तीन आठवड्यांनंतर प्रथिने १६ टक्क्यांवर आणावीत. फार पौष्टिक खाद्याने पिल्लू भराभर वाढते, पंखाचे टोक जड होऊन बाहेर वळते आणि मग तसेच राहते.

मोठ्या बदकाला दिवसाला १२० ते १५० ग्रॅम खाद्य लागते. अंड्यांवर आलेल्या माद्यांना लेअर खाद्य, त्यासोबत ज्वारी, तांदळाची कणी, गव्हाचा कोंडा चालतो. हिरव्या चाऱ्यात लसूणघास, कोथिंबीर, कोबीची पाने, दोडक्याच्या आणि काकडीच्या साली बदके आवडीने खातात. अंगणात टाके असेल तर अझोला वाढवावा. पालक थोडाच द्यावा, तो शरीराला कॅल्शियम मिळू देत नाही. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. मादी तिला लागेल तेवढा खाते.

ब्रेड, पोळीचे ढीग, शेव, फरसाण आणि कचोरी बदकाला घालू नये. शेगावहून पाहुण्यांनी आणलेल्या कचोरीचा तुकडा मुले कौतुकाने टाकतात, पण पिल्लांना मीठ लवकर बाधते, आणि ब्रेडने पोट भरलेले बदक खरे अन्न खात नाही.

दाणा देण्याची रीतही महत्त्वाची. कोरडे पीठ बदकाच्या चोचीत चिकटते आणि घशात अडकते. खाद्य किंचित ओलसर करून द्यावे, आणि खाद्याच्या भांड्याशेजारी पाणी नेहमी असावे. बदक एक घास खाते, लगेच पाण्याकडे धावते, चोच धुते आणि परत येते. मात्र ओले खाद्य उन्हाळ्यात दोन तासांत आंबते. उरलेले ताबडतोब फेकावे आणि भांडे घासून उन्हात वाळवावे.

कापसाच्या मुलखातले धोके

खामगावची ओळख कापसाच्या बाजारपेठेची. जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा १८७० मध्ये आला तो कापसासाठीच. सरकी आणि सरकीची ढेप इथे घराघरांतल्या गोठ्यात असते. म्हशीला मानवणारी ढेप बदकालाही मानवेल असे समजू नये. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरांच्या पोटात ते बऱ्याच अंशी निष्प्रभ होते, पाखरांच्या पोटात होत नाही. भूक मरते, वाढ खुंटते, आणि अंड्यांचा बलक साठवणुकीत हिरवट-तपकिरी पडतो. म्हणून ढेपेचे पोते बदकांच्या चोचीपासून लांब ठेवावे.

दुसरा धोका बुरशीचा. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की आणि त्यांच्यासोबत बदकांची पिल्ले गूढपणे मेली. शोध घेता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर वाढलेली बुरशी आणि तिचे अफ्लाटॉक्सिन हे विष सापडले. बदकाचे पिल्लू या विषाला इतके हळवे की पुढे कित्येक वर्षे प्रयोगशाळांत विषाची परीक्षा एक दिवसाच्या बदकपिल्लांवरच केली जाई. परतीच्या पावसात भिजलेला मका, कोपऱ्यात दमट राहिलेले शेंगदाणे, पोत्याच्या तळाशी गाठी झालेली पेंड यांत हीच बुरशी वाढते. वास कुबट आला, दाण्यावर हिरवी-काळी बुरशी दिसली तर पाखडून, धुऊन किंवा भाजून ते देऊ नये. विष उष्णतेने सहज जात नाही. खाद्य पंधरा दिवसांपुरतेच आणावे आणि जमिनीला टेकू न देता फळीवर ठेवावे.

तिसरा धोका फवारणीचा. पेरणीसाठी येणाऱ्या बियाण्यावर रंगीत औषधाचा लेप असतो. उरलेले बियाणे पाखरांना टाकू नये. फवारलेल्या पऱ्हाटीत बदके चरायला सोडू नयेत, तिथल्या अळ्याही आणून घालू नयेत. कच्चे सोयाबीनही देऊ नये, त्यातले घटक प्रथिने पचू देत नाहीत.

पाणी

दोन बदकांना खोल घमेले किंवा २० लिटरचा टब पुरतो. बदक त्यात डोके बुडवते, नाकपुड्यांतून पाणी फुंकते, डोळे धुते. हे न मिळाल्यास डोळ्यांच्या कडेला चिकट घाण साचते आणि डोळे सुजतात. चिखलाळ पाण्यात राहिले तर पिसे चिकटतात, अंग भिजू लागते. म्हणून पाणी सकाळी आणि दुपारनंतर, असे दोनदा बदलावे.

टंचाईच्या दिवसांत हे पाणी वाया जात नाही. बदकाची विष्ठा पातळ आणि नत्रयुक्त असते. टबातले पाणी कढीपत्ता, लिंबू, शेवगा यांच्या आळ्यात ओतावे. आज या झाडाला, उद्या त्या झाडाला, म्हणजे चिखलही होत नाही.

गच्चीवरच्या काळ्या टाकीचे पाणी दुपारी चटका देण्याइतके तापते, ते थेट देऊ नये. मातीची नांद सावलीत भरून ठेवली तर पाणी गार राहते. उन्हाळ्यात आटत चाललेल्या डबक्यावर बदके सोडण्याचे टाळावे. कुजलेल्या गाळात बॉट्युलिझमचे जंतू विष तयार करतात. ते पोटात गेले की आधी पाय, मग मान लुळी पडते आणि बदक आपली मान उचलू शकत नाही.

ऊन, चिखल आणि रात्र

बदकाला घाम येत नाही. ते धापा टाकून आणि चोच-पायांवाटे उष्णता बाहेर सोडते. त्यामुळे मे महिन्यात टिनाच्या छपराखाली बदके कोंडणे क्रूरपणाचे आहे. कडुनिंबाची सावली सर्वांत चांगली. नसल्यास तुराट्या-पऱ्हाट्यांचा मांडव घालून वर कडबा पसरावा आणि पश्चिमेला ओले गोणपाट बांधावे. दुपारी पायांखालची जमीन ओली करावी. चोच सतत उघडी, पंख अंगापासून दूर आणि बदक बसून राहिलेले दिसले तर त्याचे पाय थंडगार नव्हे, साध्या पाण्यात ठेवावेत आणि सावलीत न्यावे.

पावसाळ्यात काळी माती पायांना लगदा होऊन चिकटते. फिरण्याच्या जागेत मुरूम आणि त्यावर वाळू टाकावी. उघडे सिमेंट आणि टोकदार खडीही नको, तळपायाला गाठ येऊन आत पू धरतो. बांधकामाचे खिळे, तारांचे तुकडे, स्क्रू वेचून काढावेत. चमकणारी वस्तू बदक गिळते.

रात्री मात्र पक्की खोली हवी. एका बदकाला तीन-चार चौरस फूट जागा पुरते. मुंगूस, बोका आणि भटकी कुत्री हे शत्रू. कोंबड्यांची पातळ जाळी कुत्रे फाडते, म्हणून वेल्डिंगची बारीक जाळी लावावी आणि ती जमिनीत वीतभर पुरावी.

आजार आणि कायदा

बदके कोंबड्यांपेक्षा कणखर असतात. राणीखेतीत कोंबड्या पटापट मरतात, बदके सहसा तगतात, पण विषाणू पसरवू शकतात. म्हणून कोंबड्या आणि बदके एका खुराड्यात ठेवू नयेत. बदकांचा स्वतःचा मोठा रोग बदक प्लेग. त्याची लस आठ ते बारा आठवड्यांच्या वयात देतात. ती जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून मागवावी. अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. अवघड दुखण्यात तिथे जाता येते. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. कोंबडीचे प्रतिजैविक अंदाजाने बदकाला पाजू नये.

फेब्रुवारी २००६ मध्ये देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात तो पुन्हा दिसला. बदकाच्या अंगात हा विषाणू लक्षणांशिवायही राहू शकतो. त्यामुळे घरची बदके रानबदकांच्या पाणवठ्यावर नेऊ नयेत, आणि एकाएकी पाखरे मेली तर पशुसंवर्धन विभागाला लगेच कळवावे.

आपल्या जिल्ह्यात लोणारसारखे पाणवठे आहेत, २०२० मध्ये लोणारला रामसर दर्जा मिळाला. तलावांवर हळदी-कुंकू बदक आणि चक्रवाक दिसतात. ते वन्यजीव आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना पकडणे, त्यांची अंडी उचलणे गुन्हा आहे. तसेच कंटाळा आला म्हणून पाळलेले बदक तलावावर सोडून देणे हे ‘मुक्त करणे’ नव्हे. दाण्याच्या भांड्यावर वाढलेले ते पाखरू तिथे कुत्र्यांच्या तोंडी जाते, आणि पाळीव प्राणी असा टाकून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरते.

अंडी आणि शेवटचा हिशेब

खाकी कॅम्पबेलची मादी साडेचार-पाच महिन्यांची झाली की अंडी देऊ लागते. बहुतेक अंडी पहाटेपासून सकाळी नऊपर्यंत पडतात. तोवर त्यांना खोलीतच ठेवले तर अंडी अंगणभर शोधावी लागत नाहीत. अंडे कोंबडीच्या अंड्याहून मोठे असते, ते पूर्ण शिजवूनच खावे. ही मादी सहसा खुडूक बसत नाही. पिल्ले हवी असतील तर खुडूक कोंबडीखाली फलित अंडी ठेवतात, ती २८ दिवसांत फुटतात.

खामगावातल्या घरात बदक पाळता येते. त्यासाठी शेत लागत नाही, तळे लागत नाही आणि फार पैसाही लागत नाही. लागतो तो रोजचा अर्धा-पाऊण तास: सकाळी पाणी आणि दाणा, दुपारनंतर पुन्हा पाणी, संध्याकाळी मोजून आत घेणे आणि कडी लावणे. लग्नाला गावी गेलात तरी हे काम दुसऱ्या कुणाला तरी करावेच लागते. मे महिन्यात, टँकरच्या रांगेत उभे राहण्याच्या दिवसांतही दोन बादल्या पाणी बाजूला काढण्याची घरातल्या सगळ्यांची तयारी असेल, तरच दोन माद्या आणा. ती नसेल तर मुलांना घेऊन हिवाळ्यात लोणारला जा आणि तिथली बदके लांबून पाहा.